पुठ्ठ्याच्या पंतप्रधानांस खुले पत्र

मा. पुठ्ठासाहेब,
पंतप्रधान कचेरी, बँकॉक.

स. न. वि. वि.

आपली ओळख 2018च्या जानेवारीतली. आपल्या देशातला बालदिन तोंडावर आला होता. थायलंडचे पंतप्रधान जनरल प्रयुथ चान-ओचा पत्रकारांसमोर चार शब्द बोलले आणि प्रश्नांची वेळ येताच आपल्याला, म्हणजे स्वतःच्याच पुरुषभर उंचीच्या कटआउटला, माइकपाशी उभं करवून म्हणाले की राजकारणाचं काही विचारायचं असेल तर याला विचारा. स्वतः चालते झाले. कटआउट आमच्याही चौकाचौकांत असतात, पण अधिकृत उत्तरं देण्याचं काम त्यांच्याकडे कुणी सोपवलेलं नाही. तो मान आपला. तेव्हा आमच्या शंका आपल्याच पायाशी.

पहिली 22 मे 2014ची. दोन दिवस आधी लष्करी कायदा पुकारताना ‘हा उठाव नव्हे’ असं लष्कराने बजावलं होतं. मग भांडणाऱ्या सगळ्या पक्षांना आर्मी क्लबात समेटासाठी बोलावलं. आपल्या साहेबांनी, म्हणजे जनरल प्रयुथ यांनी, काळजीवाहू सरकारच्या मंत्र्याला विचारलं, राजीनामा देता का? तो नाही म्हणाला. तर मग सत्ता मीच घेतो, असं साहेब म्हणाले आणि समेटाला आलेली मंडळी सैनिकांच्या पहाऱ्यात रवाना झाली. दोन भावांच्या वाटणीत पंच म्हणून बसलेल्या मामाने सातबाऱ्यावर स्वतःचं नाव चढवावं, तसं हे झालं. मंत्री ‘हो’ म्हणाला असता तर साहेब घरी गेले असते का?

पुढचं काम मात्र नजर लागावी इतकं टापटिपीचं. राज्यघटना गुंडाळली, पण राजाचं प्रकरण तेवढं शाबूत ठेवलं. चार दिवसांत राजाची संमतीही आली. राहता राहिला कायदा. आपल्या दंडसंहितेचं 113वं कलम राज्यघटना उलथवणाऱ्याला फाशी किंवा जन्मठेप सांगतं. त्यावर उतारा म्हणून जुलैत हंगामी राज्यघटना आली. तिच्या 48व्या कलमाने उठाव करणारे सगळे दोषमुक्त, आणि 44व्या कलमाने साहेबांचा प्रत्येक हुकूम कायदेशीर, घटनात्मक आणि अंतिम. आमची समजूत होती की उठाव रणगाड्यांनी होतात. रणगाडे एका रात्रीचे. खरा उठाव टंकलेखकाच्या टेबलावर होतो. 1932मध्ये राजाच्या अनिर्बंध सत्तेला वेसण घातली तेव्हापासून आपल्याकडे वीस राज्यघटना झाल्या. इतक्या लिहिल्या, तर एखादी पाळून बघायची हौस कधीच कुणाला आली नाही का?

त्या 1932ची आठवण देणारी एक पितळी चकती बँकॉकच्या रॉयल प्लाझात जमिनीत बसवलेली होती. 2017च्या एप्रिलात ती नाहीशी झाली आणि तिच्या जागी राजनिष्ठेची नवी चकती बसली. चौकशी केली तर कळलं की तिथले कॅमेरे नेमके त्याआधीच काढले होते. या योगायोगाबद्दल आपलं काय म्हणणं आहे?

लोकांना आनंद परत देण्याची मोहीमही विसरता येत नाही. चौकात फुकट केशकर्तन, फुकट जेवण, गाणी, वर सरकारमान्य आनंदगीत. मात्र सँडविच खात जॉर्ज ऑर्वेलची ‘1984’ वाचत उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं. आनंद कसा व्हावा याचेही नियम असतात, हे त्याला कुणी सांगितलं नसावं. उठावानंतरची संचारबंदी मात्र सर्वांत आधी पट्टाया, फुकेत आणि को सामुईची उठली. बँकॉक-पट्टायाचं पॅकेज घेणाऱ्या आमच्या लोकांना आपल्या देशाच्या राजकारणातलं एवढंच ठाऊक असतं, आणि हे सेनापतींना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

2016च्या सार्वमताबद्दल जास्त विचारत नाही. नव्या घटनेविरुद्ध प्रचार केला तर दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. इतक्या मोकळ्या वातावरणात लोकांनी कौल दिला. पुन्हा पुन्हा पुढे ढकललेली निवडणूक 2019च्या मार्चात झाली. मग पंतप्रधान निवडायला नेमलेले अडीचशे सिनेटर बसले आणि त्यांतल्या 249 जणांनी साहेबांनाच मत दिलं. उरलेल्या एकाने तटस्थ राहून लोकशाहीची लाज राखली.

शेवटची शंका. हंगामी घटना गेली, तिचं 48वं कलमही गेलं. पण 2017च्या घटनेच्या 279व्या कलमाने लष्करी मंडळाची सगळी कृत्यं पुन्हा वैध ठरवली. मग या एकविसाव्या उठावाला, म्हणजे चुकलो, एकविसाव्या घटनेला, कितव्या कलमात माफी द्यायची हे आधीच ठरलं आहे का? ठरलं असल्यास कळवावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक पर्यटक

ता. क. 2023च्या नोव्हेंबरात साहेबांना राजाने आपल्या सल्लागार मंडळावर घेतल्याचं वाचलं. पेढे पाठवायचे आहेत. पत्ता आपला घालू की त्यांचा?