पेस्टवाले भाऊ

देवळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे बरेच, पण पेस्टवाले भाऊ दर तालुक्याच्या वाट्याला एकच येतात. दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड असं लिहिलेलं असतं. खरा जीव मात्र प्रोसेसरच्या डोक्यावर लेप लावण्यात.

प्रिंटर कागद ओढत नाही म्हणून या, नाहीतर कीबोर्डचं बटण अडकतं म्हणून, भाऊंचा पहिला सवाल ठरलेला : "पेस्ट शेवटची कधी बदलली?" समोरचा गोंधळतो. त्यानं आजवर एकच पेस्ट बदललेली असते, ती दात घासायची.

मग वर्ग भरतो. प्रोसेसरची पाठ आणि हीटसिंकचं बूड कितीही गुळगुळीत दिसलं तरी दोन्हीवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे असतात. त्यात हवा बसते आणि हवेतून उष्णता जाता जात नाही. पेस्टनं तेवढी हवा हुसकायची. "हवा ०.०२६, तांबं ४००, आणि पेस्ट या दोघांच्या मधे कुठेतरी. म्हणून थर पातळ पाहिजे!" हायवेपलीकडचा दुकानदार स्क्रूड्रायव्हरनं पेस्ट फासतो, हे सांगताना भाऊंचा आवाज खाली येतो, एखाद्याच्या घरातलं कळावं तसा. स्वतः ते तांदूळपंथी : मधोमध तांदळाएवढा ठिपका. वाटाण्याएवढा लावणाऱ्यांशी आणि फुली मारणाऱ्यांशी त्यांचं जमत नाही.

हात मात्र कसबी. जुनी पेस्ट वाळून सिमेंट झालेली असते. कूलर सरळ उपटला तर एएमडीचा जुना प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्याबरोबरच वर येतो आणि खालच्या पिना वाकतात. भाऊ आधी मशीन दहा मिनिटं चालवून तापवतात, बंद करतात, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवतात. चष्म्याच्या फडक्यावर अल्कोहोल घेऊन पुसताना श्वाससुद्धा धरतात.

उमराण्याच्या एका आडत्यानं मागे डबा आणून ठेवला. "भाऊ, हाऊ डबा भलता तपस." उघडला तर पंख्यात कांद्याचे पापुद्रे. ब्लोअर मारला तिथेच निम्म्याहून जास्त दुखणं पळालं. तरी भाऊंनी पेस्ट बदललीच आणि श्रेयही तिलाच दिलं. खरं तर दोन चांगल्या पेस्टींत फरक पडला तर दोन-चार अंशांचा. बाहेर एप्रिलचं ऊन आणि डोक्यावर पत्रा असताना तो कुणाला कळणार? भाऊंना कळतो.

त्यांची खरी दौलत खणात आहे : लिक्विड मेटलची एक ग्रॅमची सिरिंज. गॅलियम, इंडियम आणि कथील. कंपनी उष्णतावहनाचा आकडा ७३ सांगते. गॅलियमचा शोध लागला १८७५ साली, पण मेंडेलीवनं त्याची जागा १८७१ मध्येच राखून ठेवली होती; सोनीनं २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ मध्ये लिक्विड मेटल वापरलं; हे सगळं भाऊंना पाठ. अडचण एवढीच की गॅलियम ॲल्युमिनियमला खाऊन त्याचा भुगा करतं, आणि भाऊंकडे येणारे बहुतेक हीटसिंक ॲल्युमिनियमचेच. शिवाय थेंब बोर्डावर ओघळला तर शॉर्ट. त्यामुळे सिरिंज अजून बिनलग्नाची. तांब्याचं स्थळ येत नाही.

यंदा आलं. पुण्याला शिकणारा एक पोरगा सुट्टीत गेमिंग लॅपटॉप घेऊन दुकानात शिरला, तोही फक्त झेरॉक्स काढायला. भाऊंनी पंख्याचा आवाज ऐकला, खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"आत तांबं आहे ना? फुकट लावून देतो."

"नको काका, वॉरंटी आहे अजून."

भाऊ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "कधी संपते?"

"डिसेंबरात."

भाऊंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेची पानं उलटली आणि दत्तजयंतीच्या चौकटीशेजारी त्या पोराचा मोबाइल नंबर लिहून घेतला. झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत.