बिनपगारी

तालुक्याचं नाव संगमेश्वर, पण तहसीलदार बसतात देवरुखला. नाव एका गावाचं आणि कारभार दुसऱ्या गावात, याची जन्मापासून सवय असलेल्या माणसाला मीडियातली इंटर्नशिप लवकर उमगते. सर्टिफिकेटवर ‘कन्टेन्ट स्ट्रॅटेजिस्ट’ असं छापलेलं असतं आणि दिवसभर करायचं काय, तर बारा राशींचं भविष्य अपलोड.

गणपतीच्या आधी पहाटेच्या तुतारी एक्सप्रेसमधून संगमेश्वर रोडला जी गर्दी उतरते, तिच्यात अशीच एक इंटर्न मुलगी हल्ली हमखास असते. पाठीला लॅपटॉपची सॅक, हातात आजीसाठी घेतलेली मिठाई, आणि सॅकच्या कप्प्यात एका चॅनेलचं मुदत संपलेलं ओळखपत्र. ते परत करायचं असतं, पण टोलनाक्यावर काकांना कधीतरी उपयोगी पडेल म्हणून घरच्यांनीच ठेवून घ्यायला लावलेलं. मुंबईत मास मीडियाची पदवी झाली, आता एम.ए. चाललंय आणि सुट्टी लागली की इंटर्नशिप. वाडीत तिला ‘पत्रकार’ म्हणतात, घरात ‘टीव्हीवाली’ आणि ऑफिसात नुसतंच ‘इंटर्न’. तिथल्या लोकांना तिचं नाव कळतं ते निरोपाचा केक कापताना, तेही केकवाल्याने चुकीचं लिहिलेलं.

“काय गो, टीव्हीवर कधी दिसणार तू?” आजी विचारते.

“मी पडद्यामागे असते, आजी.”

“मग सरकव की जरा तो पडदा.”

पडद्यामागे नेमकं काय चालतं, हे आजीला सांगण्यासारखं नसतं. चॅनेलमध्ये पहिले काही आठवडे कानाला हेडफोन लावून बाईट उतरवायचे. एखादा नेता चाळीस मिनिटं बोलतो; त्यातलं भांडण लावणारं वाक्य कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला आलं, याची नोंद ठेवायची. उरलेल्या भाषणात रस्ते, पाणी, शाळा वगैरे किरकोळ विषय असतात, त्यांची वेळ कुणी विचारत नाही. पुढची इंटर्नशिप पीआर एजन्सीत. तिथे पत्रकारांना फोन लावून “सर, प्रेसनोट मिळाली का?” एवढंच विचारायचं. सर “मीटिंगमध्ये आहे” म्हणून फोन ठेवतात, आणि तक्त्यात ‘सकारात्मक प्रतिसाद’ अशी नोंद होते. त्यानंतरची वेब पोर्टलवर. तिथे सकाळची पहिली बातमी सोन्याच्या आजच्या भावाची. जिला महिनाअखेरीस एक रुपयाही मिळत नाही, तिने रोज सकाळी दहा ग्रॅमचा भाव नीट तपासून, शहरवार लिहायचा.

वर्गात तिने हॅरॉल्ड लासवेलचा सिद्धांत पाठ केलेला आहे. 1948 साली या अमेरिकन अभ्यासकाने संवाद समजून घ्यायला पाच प्रश्न दिले: कोण बोललं, काय बोललं, कोणत्या मार्गाने, कुणाला, आणि परिणाम काय झाला. या पाच प्रश्नांवर तिने दहा मार्कांचं उत्तर लिहिलं. आजी हेच पाच प्रश्न रोज दुपारी शेजारच्या काकूंना विचारते, आणि पाचव्यापाशी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळते.

नव्या शैक्षणिक धोरणाने या इंटर्नशिपला सरकारी शिक्का दिला. एम.ए.च्या पहिल्याच वर्षात आता ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ असतं, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘ओजेटी’. ते 4 क्रेडिटचं. एका क्रेडिटला 30 तास धरून एकूण 120 तास. नोंदवही भरायची, ऑफिसातल्या वरिष्ठांची सही घ्यायची, मग कॉलेजच्या मार्गदर्शकांची. वरिष्ठ ज्या दिवशी सही करायला मोकळे होतात, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी असते.

पैशांचा विषय तिच्या घरी जेवताना काढत नाहीत. त्याला कारण तिचा चुलतभाऊ. 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, ‘लाडका भाऊ’ नावाने गाजली तीच. बारावी झालेल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. भाऊ बारावी. एका सरकारी कार्यालयात सहा महिने फायली इकडून तिकडे नेल्या आणि खात्यात दरमहा 6 हजार जमा. ही पदवीधर, इंग्रजी फर्डं, तीन सॉफ्टवेअर येतात, आणि मिळालं काय तर ‘एक्स्पोजर’. काकांनी एकदा विचारलंच, की हे एक्स्पोजर बँकेत भरता येतं का?

सहा जानेवारीला, पत्रकार दिनाला, ती बाळशास्त्री जांभेकरांच्या फोटोसह पोस्ट टाकते. ‘दर्पण’चा पहिला अंक 6 जानेवारी 1832 चा. बाळशास्त्री कोकणातलेच, पोंभुर्ल्याचे, आणि अंक निघाला तेव्हा विशीतले, म्हणजे हिच्याच वयाचे. मराठी आणि इंग्रजी असा दोन्ही भाषांतला मजकूर शेजारीशेजारी छापणारे संपादक. आज असते तर “प्रोफाइल छान आहे, पण आधी तीन महिने बिनपगारी काम करून दाखवा, मग बघू” असा मेल त्यांना नक्की आला असता.

2025 च्या फेब्रुवारीत मात्र तिचा भाव अचानक वधारला. तोवर “संगमेश्वर? ते कुठे आलं?” असं विचारणाऱ्या ऑफिसात ‘छावा’ हा संभाजी महाराजांवरचा सिनेमा प्रदर्शित झाल्यावर तिला थेट मीटिंगला बोलावलं. 1 फेब्रुवारी 1689 रोजी संभाजी महाराज पकडले गेले ते कसबा संगमेश्वरला, आणि कसबा तर हिच्या मामाचं गाव! पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात तिथल्या स्मारकाची घोषणा झाली. “रील करून आण,” असं सांगून तिला घरी धाडलं, तिकिटाचे पैसे न देता. ती पोचली तेव्हा कसब्यात गाड्यांची रांग होती आणि मोबाइल रोखून उभे असलेले पन्नासेक लोक. कर्णेश्वराच्या मंदिरातलं कोरीव काम शांतपणे बघत बसलेलं असं कुणी नव्हतं, म्हणून तिने तेच शूट केलं. ऑफिसातून उत्तर आलं: ‘छान आहे, पण यात गर्दी दिसत नाही.’

याच मुक्कामात तिची गाठ गावच्या वार्ताहराशी पडली. बाजारपेठेत झेरॉक्सचं दुकान, बाहेर मोटारसायकल, आणि मोबाइलमध्ये दोन्ही हातांच्या बोटांवर न मावणारे व्हॉट्सॲप ग्रुप. 2011 पासून रखडलेलं मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, एक्सप्रेस गाड्यांना थांबा मिळावा ही मागणी, पावसाळ्यात बाजारपेठेत शिरणारं शास्त्री नदीचं पाणी आणि संक्रांतीला मारळच्या डोंगरात होणारं मार्लेश्वर-गिरिजादेवीचं लग्न, हे त्यांचं वर्षाचं वेळापत्रक. मानधन इतकं, की त्याचा उल्लेख ते स्वतःही हसूनच करतात. ओजेटीच्या हिशोबाने त्यांचे 120 तास कधीच भरले असतील. सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.

एका सकाळी फोन आला, बिबट्या विहिरीत पडलाय. हिला मागे बसवून ते निघाले. वाटेत हिने अभ्यासू स्वरात विचारलं, “काका, आपला अँगल काय असेल?”

“अँगल कसला? बिबट्या विहिरीत हाय. वरनं खाली बघायचं.”

वनविभागाने पिंजरा सोडला, बिबट्या सुखरूप वर आला. वन्यजीव आणि मानव यांच्यातल्या संघर्षावरचा हिचा पहिला परिच्छेद अजून जुळत होता, तोवर काकांची बातमी गेलीसुद्धा. विहीर कुणाची, खोल किती, कठडा आहे की नाही, मादी की नर, पिंजरा आणायला वेळ का लागला. सगळं दहा ओळींत. फोटो मात्र हिचा घेतला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला, खाली ‘छाया: प्रतिनिधी’. आजीने चष्मा लावून बातमी दोनदा वाचली आणि नात कुठे दिसतेय ते बिबट्याच्या मागे शोधलं.

निघायच्या आदल्या दिवशी काकांनी तिला दुकानात बोलावलं. वर्धापनदिनाची पुरवणी येतेय, म्हणाले. सरपंच, पतसंस्था, हॉटेलवाले, सगळ्यांकडून शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायच्यात. तुझं बोलणं चांगलं आहे, फिरशील का? कमिशन देईन.

रक्कम ऐकल्यावर तिने लॅपटॉप मिटला आणि परतीचं तिकीट कसं रद्द करतात ते शोधायला घेतलं.