वर्गणीचे अण्णा

प्रत्येक सार्वजनिक मंडळात एक अण्णा असतात. ते आरतीला पुढे नसतात, मिरवणुकीत नाचत नाहीत, अध्यक्षपद तर दिलं तरी घेत नाहीत. त्यांना फक्त पावतीपुस्तक लागतं. जिना चढताना ते बगलेत असतं, दार उघडलं की हातात येतं, आणि समोरचा ‘बघू’ म्हणाला की मांडीवर उघडतं. डोंबिवली पूर्वेच्या एका मंडळाचे खजिनदार असलेले आमचे अण्णा याच जातीचे. बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झाले. मंडळातून कोण निवृत्त करणार?

अशा माणसाला त्याच्या मुलाने ऐन गणपतीच्या तोंडावर टोरांटोत, इटोबिकोला आणून ठेवलं. पहिले काही दिवस अण्णा नुसते खिडकीत बसून होते. समोरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना घरं, प्रत्येक घराला दार, प्रत्येक दाराला बेल, आणि मागायचं काहीच नाही. हे दुःख सुनेला कळत नव्हतं. ती बिचारी पचनाचं चूर्ण देत होती.

मग नातवाच्या शाळेतून निरोप आला. ‘टेरीसाठी टूनी’, म्हणजे प्रत्येक मुलाने दोन डॉलरचं एक नाणं आणायचं. अण्णा खुर्चीत ताठ झाले.

“कसली वर्गणी ही?”

सुनेने सांगितलं. टेरी फॉक्स नावाचा मुलगा होता. हाडाच्या कर्करोगात १९७७ साली उजवा पाय गेला. कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे म्हणून १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सला त्याने नकली पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि कॅनडा आडवा पार करायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. थंडर बेजवळ पोचला तेव्हा रोग फुप्फुसात गेला होता. पुढच्या जूनमध्ये तो वारला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. मग विचारलं, “मागणी किती होती त्याची?”

“माणशी एक डॉलर.”

“लोकसंख्या?”

“तेव्हा दोन कोटी चाळीस लाख.”

“आणि जमले?”

१९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत दोन कोटी एक्केचाळीस लाखांच्या वर जमले होते. अण्णा उभेच राहिले. “शंभर टक्क्यांच्या वर वसुली! अगं, आमची चार मजल्यांची एक बिल्डिंग आजवर कधी पुरी झाली नाही. या पोराने देश पुरा केला!”

टेरीच्या धावण्याचं कौतुक जगाने केलं आहे. त्याच्या वसुलीचं कौतुक कोणी केलं असेल तर ते अण्णांनी.

सप्टेंबरच्या मध्यावर एका रविवारी गावोगावी टेरी फॉक्स रन होते, १९८१ पासून. मुलाने हाय पार्कमधल्या रनला कुटुंबाची नावं घातली होती आणि देणगीदारांची नावं लिहायचा एक कागदही छापून ठेवला होता. तो कागद अण्णांच्या हाती लागला. आमच्याकडे शरदातलं चांदणं पाहून लोक मसाला दूध आटवतात. अण्णा तो कागद पाहून इस्तरीचा शर्ट घालून बाहेर पडले.

वर्गणीचं शास्त्र अण्णांचं पक्कं आहे. पहिली ओळ मोठ्या रकमेची हवी, कारण माणूस आपल्या ऐपतीकडे न बघता वरच्या ओळीकडे बघतो. म्हणून पहिल्या ओळीत मुलाचं नाव, १०१ डॉलर. मुलाला हे संध्याकाळी कळलं. दुसरं, रक्कम शून्यावर संपवायची नाही. शेजारची इटालियन आजी वीस डॉलर द्यायला निघाली, तर अण्णा हात जोडून उभे, “ट्वेंटी वन.” वरचा एक कशाला, ते तिला इंग्रजीत पटवणं जमेना, तेव्हा त्यांनी बोट आभाळाकडे केलं. आजी कॅथलिक. तिने लगेच दिला. आठवड्यात त्या रस्त्यावर २१, ५१ आणि ११ डॉलर देण्याची प्रथा पडली.

रविवारी मात्र अण्णांची पंचाईत झाली. प्रवेश फी नाही. वेळ कोणी मोजत नाही. धावा, चाला, सायकल चालवा, कुत्रं घेऊन या. पहिला नंबर नाहीच. “मग स्टेजवर बोलवायचं कोणाला?” अण्णांनी मला विचारलं. त्याहून मोठा धक्का म्हणजे कुठे एका कंपनीची पाटी नाही. टेरीने स्वतः जाहिरातदारांना नकार दिला होता आणि तो नियम अजून पाळतात, असं मी सांगितलं. ज्या माणसाचं अर्धं आयुष्य कमान कोणाची आणि ‘शुभेच्छुक’च्या खाली फोटो कोणाचा यावरची भांडणं सोडवण्यात गेलं, तो काही क्षण नुसता मेपलच्या झाडांकडे बघत राहिला. झाडं नुकती कुठे तांबूस होऊ लागली होती.

पार्कच्या इतिहासाने त्यांना जरा सावरलं. जॉन हॉवर्ड नावाच्या वास्तुविशारदाने १८७३ मध्ये ही जमीन शहराला दिली: लोकांना कायम खुली ठेवा, आत दारू नको, आणि मला तहहयात दरसाल पैसे द्या. अण्णांना हा गृहस्थ फार आवडला. “दानही केलं आणि पेन्शनही लावून घेतली. ह्याला म्हणतात व्यवहार.”

चालायला निघालेले अण्णा पाचशे मीटरवर, पाण्याच्या टेबलापाशी अडकले. तिथे दोन कॉलेजच्या मुली केळी वाटत होत्या. म्हणजे केळी ठेवली होती, ज्याला हवी तो घेत होता. एकाने दोन घेतली. अण्णांच्या देखत! मिनिटाभरात अण्णा टेबलाच्या पलीकडे होते. “वन लाइन, वन लाइन. वन पर्सन, वन बनाना.” सहा फुटी धावपटू घाम पुसत रांगेत उभे राहिले. मुलींना ते आयोजकांपैकीच वाटले, आणि आयोजक आले तेव्हा रांग इतकी सुरेख होती की त्यांना काही बोलवेना.

रांगेत मध्येच लाल टी-शर्टवाले येऊ लागले. ते कशाचे, असं अण्णांनी विचारलं. कर्करोगातून वाचलेले, एका मुलीने सांगितलं. त्यानंतर लाल शर्ट दिसला की अण्णा बाकीच्यांना हाताने थोपवत आणि स्वतः टेबलाला वळसा घालून केळं द्यायला जात. मागचा एक जण कुरकुरला तर त्याला मराठीतच ऐकवलं, “मानाचे आहेत ते. थांब जरा.” त्याला कळलं असावं, थांबला.

माझं स्पष्ट मत आहे की त्या दिवशी हाय पार्कमध्ये सर्वांत जास्त दमलेला माणूस अण्णाच होते, आणि ते अर्धा किलोमीटर चालले होते.

सोमवारी संध्याकाळी ते पुन्हा शर्ट घालून निघाले. कागदावर एक येणं बाकी होतं: कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ, ‘नंतर देतो’ म्हणालेले, एकवीस डॉलर. मुलगा म्हणाला, अण्णा, इथे असं मागायला जात नाहीत. अण्णा फाटकापर्यंत पोचले, तोच दिवाणखान्यातला दिवा गेला. टीव्हीचा आवाज बंद झाला. पडदा हलला आणि थांबला.

मुलगा शरमेने अर्धा झाला. “अण्णा, चला,” म्हणाला. अण्णांचा चेहरा मात्र डोंबिवली सोडल्यापासून इतका फुलला नव्हता.

“अरे, चला काय? ज्याला द्यायचं नसतं तो दार उघडून नाही म्हणतो. दिवा घालवला म्हणजे एकवीस नक्की.”

आणि त्यांनी बेल दाबली, मग जिन्यात उभं राहायची सवय असल्यामुळे एक पायरी खाली उतरून वाट बघत राहिले.