ताबा घेण्याआधी करायची भूमिती

भूमिती व्यवहारात कुठे लागते, हा प्रश्न नववीत विचारायचा असतो; उत्तर फ्लॅटचा ताबा मिळतो त्या दिवशी शोधायचं असतं. त्या दिवशी कंपासपेटी घरीच ठेवावी. कर्कटकाचा उपयोग बाकावर नाव कोरण्यापलीकडे कधी झालेला नाही. सोबत मेटल टेप, खडू आणि टेपचं दुसरं टोक मुकाट्याने धरून उभं राहणारं एक माणूस घ्यावं. (शेवटची वस्तू सहजी मिळत नाही.)

मांडणी वहीतल्यासारखीच करावी. पक्ष: बेडरूम दहा बाय बारा आहे, असं ब्रोशरमध्ये छापलंय. साध्य: ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे. आकृती काढू नये. आकृतीत सगळ्याच खोल्या गुण्यात येतात.

सिद्धता: कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3 फुटांवर खूण करा, दुसरीवर 4 फुटांवर. दोन खुणांमध्ये बरोबर 5 फूट भरले तर कोपरा काटकोनी. गवंडी पाया आखताना हेच करतो आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रातही 3-4 ची ही जोडी आहे. पाऊण इंच कमी भरलं तर सुपरवायझर म्हणेल, "साहेब, प्लास्टरचा फरक आहे." वाद न घालता समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले कर्ण मोजायला घ्या. दोन्ही 15 फूट साडेसात इंच हवेत. एक 15 फूट 10 इंच आणि दुसरा 15 फूट 5 इंच भरला, तर आपण समांतरभुज चौकोन विकत घेतला आहे. अभिनंदन.

ब्रोशर खोटं नाही, हे इथे नमूद केलं पाहिजे. भिंती दहा आणि बारा फुटांच्याच आहेत. पण चार बाजू ठरल्या म्हणून चौकोन ठरत नाही, तो कलतो. त्रिकोण कलत नाही. आपण जी बाबाबा कसोटी झोपेतही म्हणायचो, ती एवढंच सांगत होती. सुतार फाटकाला तिरकी पट्टी मारतो आणि मोजणीवाला शेताचे त्रिकोण पाडतो, ते याच कारणाने.

क्षेत्रफळावरून भांडू नका, ते जवळपास तेवढंच राहतं. भांडायचं फरशीवरून: बारा फुटी भिंतीलगतची कापीव पट्टी एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला पावणेचार इंच होते. आतलं प्लास्टर साधारण अर्धा इंच जाड असतं. पावणेचार इंचांत त्याचे किती थर बसतात, हा भागाकार सुपरवायझरसमोर मोठ्याने करावा आणि तोवर शेवटच्या हप्त्याचा चेक खिशातून काढू नये.