नियम क्रमांक 13 यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. नियम क्रमांक 13,
विमान नियमावली, 1937.

विषय : विमानतळाच्या कुंपणाबाहेर लांब भिंग रोखून उभ्या असणाऱ्या इसमांबाबत.

महोदय,

येणारी-जाणारी विमाने पाहणे, त्यांचा प्रकार आणि शेपटीजवळचा नोंदणी क्रमांक वहीत टिपून ठेवणे आणि साधेल तेव्हा त्यांची छायाचित्रे काढणे, एवढाच या छंदाचा व्याप आहे. जगभर त्याला प्लेन स्पॉटिंग म्हणतात आणि तो करणाऱ्याला स्पॉटर. यात कोणी कुठे जात नाही. तिकीट काढले जात नाही, सामान तपासले जात नाही, विमानतळाच्या आत पाऊलही पडत नाही. गच्चीवर, पुलावर किंवा टेकाडावर उन्हातान्हात उभे राहायचे, विमान डोक्यावरून जाते ते चारदोन सेकंद गाठायचे आणि घरी येऊन त्याबद्दल बोलायचे. ऐकायला कोणी असतेच असे नाही. इतक्या निरुपद्रवी उद्योगाची दखल कायद्याने घ्यावी, हा या छंदाचा बहुमानच म्हटला पाहिजे. त्याबद्दल आधी आभार मानणे शिष्टाचाराला धरून होईल.

सदर नियमाचा जन्म 1937 चा. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला पस मॉथ विमान उतरवले, त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. उपग्रह नव्हते. शत्रूचे बंदर वरून कसे दिसते हे कळायला कोणीतरी वरून जाऊनच यावे लागे, त्यामुळे हवाई छायाचित्र ही खरोखरच सैन्याच्या कामाची वस्तू होती. त्या दिवसांत असा नियम करणाऱ्याला नावे ठेवता येत नाहीत. नियमाचा आशय थोडक्यात असा : सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून, अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून कोणी छायाचित्र घेऊ नये. जागा या दोनच. बाहेरच्या गल्लीतल्या गच्चीबद्दल नियमात चकार शब्द नाही. पण दरारा असा, की तो मजकुराच्या पुष्कळ पुढे गेला आहे. फाटकावरचा पहारेकरी, सोसायटीचे सेक्रेटरी आणि नाक्यावरचा पानवाला हे तिघेही छायाचित्रकाराला हटकताना या नियमाच्याच भरवशावर बोलतात, आणि तिघांपैकी एकानेही तो वाचलेला नसतो.

सप्टेंबर 2020 मध्ये एका अभिनेत्रीच्या चंडीगड-मुंबई प्रवासात बातमीदारांनी विमानातच धक्काबुक्की केली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने याच नियमावर बोट ठेवले. उल्लंघन झाले तर त्या मार्गावरचे ते उड्डाण दोन आठवडे बंद ठेवू, असे बजावले गेले. खिडकीतून ढगांचे फोटो काढणाऱ्या साध्या प्रवाशाला मात्र ही बंदी नाही, असा खुलासा लगोलग करावा लागला. वयोवृद्ध नियमाला नव्या जमान्यात असे अधूनमधून सावरून घ्यावे लागते.

आणखी एक गोष्ट नियमाच्या कानावर घालणे आवश्यक आहे. हा छंद लोकांना सरकारनेच लावला. ब्रिटनमध्ये 1925 साली ऑब्झर्व्हर कोअर स्थापन झाले. आकाशात दिसणारे विमान आपले की परके, किती उंचीवर, कुठल्या दिशेने, हे डोळ्यांनी पाहून कळवणे हे त्याचे काम, आणि ते करणारे बहुतेक लोक साधे नागरिक होते. इंग्लंडच्या हवाई लढाईतल्या कामगिरीबद्दल 1941 मध्ये या दलाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. त्याच वर्षी जानेवारीत ‘द एरोप्लेन स्पॉटर’ नावाचे नियतकालिक सुरू झाले. विमानांच्या काळ्या छायाकृतींचे तक्ते छापले गेले, अमेरिकेत तर त्या पत्त्यांच्या पानांवरही आल्या. शाळकरी पोरे जर्मन विमानांतले हाइंकेल कोणते आणि डॉर्निअर कोणते ते पंखांच्या कडेवरून ओळखू लागली. युद्ध संपले, सरकारची गरज संपली. पोरांची सवय मात्र सुटली नाही. आजचा स्पॉटर त्याच सवयीचा वारस आहे, फरक इतकाच की त्याला आता कोणी बिल्ला देत नाही.

ओळखण्याची विद्या आजही तशीच, खुणांवर चालते. बोइंग 737 पोटाखालून पाहिले तर मुख्य चाके मिटल्यावरही उघडी दिसतात, कारण त्यांना झाकायला दारेच नाहीत. इंजिनाचा तळही किंचित चपटा असतो. एअरबस ए320 ची चाके आत जाऊन पूर्ण झाकली जातात. बोइंग 777 च्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाके. बोइंगच्याच ड्रीमलायनरच्या इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते. एअरबस ए350 च्या कॉकपिटच्या काचांभोवती काळा पट्टा, काजळ जरा जास्तच घातल्यासारखा. हे सगळे पाहून जो नाव सांगतो तो अजून कच्चा समजावा. मुरलेला स्पॉटर आवाजावरून सांगतो आणि मग खात्री करायला वर पाहतो. भारतातल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो, भिंगाशिवायही दिसेल इतका मोठा, कारण तो लोकांनी वाचावा हाच त्याचा हेतू आहे. तो वहीत उतरवून घेणे संशयास्पद ठरते, ही मात्र नियमाच्या भक्तांची भर.

छायाचित्रणाकडे वळले की मामला नाजूक होतो. उतरणाऱ्या जेट विमानाचा वेग ताशी सुमारे 250 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 70 मीटर. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरते उघडले तरी तेवढ्यात विमान सात सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणून कॅमेरा विमानाबरोबर फिरवत न्यावा लागतो. याला पॅनिंग म्हणतात आणि ते जमायला खांदे दुखावे लागतात. जेटसाठी शटर जितके वेगवान तितके बरे. पंख्याच्या विमानाला हेच केले की फसगत ठरलेली. कोल्हापूरसारख्या छोट्या विमानतळांवर दिसणाऱ्या एटीआर-72 ला दोन पंखे, प्रत्येकाला सहा पाती, आणि उड्डाणाच्या वेळी फेरे मिनिटाला 1200. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात पाते चार अंशही वळत नाही. चित्रात पाती जागच्या जागी थिजलेली दिसतात आणि इंजिन बंद पडून विमान हवेत लोंबकळत असल्याचा भास होतो. शटर 1/125 वर आणले, तर तेवढ्या वेळात प्रत्येक पाते जवळजवळ साठ अंश फिरते, शेजारच्या पात्याच्या जागेपर्यंत पोचते आणि पूर्ण चकती उमटते. पण इतक्या संथ शटरला हात किंचित जरी थरथरला तरी सगळे विमानच पुसट होते. दहातले नऊ फोटो तिथेच बाद होतात. दुपारी तर कॅमेरा बाहेरच काढू नये. तापलेल्या डांबरावरून उठणाऱ्या झळांनी शेपटीवरची अक्षरे वाकडीतिकडी होतात आणि कितीही महागाचे भिंग त्यावर उपाय करू शकत नाही.

मुंबईत या विद्येला जागा कमी आणि विमाने भरपूर. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावरून दिवसाला नऊशेहून अधिक उड्डाणे व अवतरणे होतात. मुख्य धावपट्टी सुमारे 3.4 किलोमीटर लांब. वारा पश्चिमेकडून असला, आणि वर्षातला बराच काळ तो तसाच असतो, की विमाने घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि 27 क्रमांकाच्या टोकाला टेकतात. त्या टोकाजवळ जरीमरीची वस्ती आहे. तिथल्या पत्र्यांवरून आणि पाण्याच्या टाक्यांवरून विमान जाते तेव्हा चाकांवरची रबराची झीजसुद्धा दिसते. पावसाळ्यात तर नजर ठरत नाही. हवा दमट, पंखाच्या वरच्या बाजूला दाब एकदम उतरतो, बाष्पाचे बारीक थेंब बनतात आणि पंखावर पांढरी चादर ओढली जाते. फ्लॅपच्या कडांवरून धुक्याच्या दोऱ्या सुटतात. राखाडी ढगांतून आधी लँडिंगचे दिवे दिसतात, मग नाक. टेकल्यावर इंजिनांचा झोत उलटा फिरला की ओल्या धावपट्टीवरचे पाणी फवाऱ्यासारखे उसळून अर्धे विमान झाकून टाकते. हा फोटो मिळावा म्हणून जून ते सप्टेंबर भिजत उभे राहणारे लोक आहेत, आणि देशाचे कोणते गुपित ते फोडत आहेत हे शोधून काढण्याची जबाबदारी त्या गल्लीतल्या शिपायावर येऊन पडते. त्याने फोटो पुसायला लावले तर स्पॉटर मुकाट्याने पुसतो. त्याच विमानाचे चाळीस फुटी चित्र हमरस्त्यावरच्या जाहिरातफलकावर दिवसरात्र झळकत असते; त्याला कोणी हात लावत नाही.

ओळखण्याच्या विद्येकडे कोणी हसून पाहू नये, म्हणून एक जुना दाखला. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-8 सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि तिच्या टोकापुढे निघून गेले. कोणी दगावले नाही, विमान मात्र मोडीत निघाले. गच्चीवरच्या कोणत्याही पोराने वैमानिकाला विमानतळाचे नाव बिनचूक सांगितले असते.

संशयाचा रोग एकट्या भारताचा नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसमधल्या कालामाता इथल्या लष्करी तळावर 12 ब्रिटिश आणि 2 डच स्पॉटरांना अटक झाली. वह्यांत विमानांचे क्रमांक लिहिलेले सापडले, म्हणजे हेर असणार. क्रमांक निव्वळ हौसेने कोण लिहील, हा सरकारी पक्षाला पडलेला कूटप्रश्न होता. एप्रिल 2002 मध्ये आठ जणांना हेरगिरीबद्दल तीन वर्षांची शिक्षा सुनावली गेली, उरलेल्या सहांना साहाय्य केल्याबद्दल एक वर्षाची. नोव्हेंबरमध्ये अपिलात सगळे सुटले. फेब्रुवारी 2010 मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात धावपट्टी दिसणारी खोली मागणाऱ्या दोन ब्रिटिशांची तीच गत झाली. त्यांच्याकडे वैमानिकांचे संभाषण ऐकण्याची यंत्रे होती. आपल्याकडे ती विनापरवाना बाळगणे गुन्हा आहे, तेव्हा पोलीस चुकले असे म्हणता येत नाही. दोघे सुमारे दोन महिने अडकून पडले आणि दंड भरून मायदेशी गेले.

दरम्यान विमाने स्वतःच बोलू लागली आहेत. बहुतेक प्रवासी विमाने आपली ओळख, उंची आणि वेग 1090 मेगाहर्ट्झवर सतत जाहीर करत असतात, जागा तर सेकंदाला सुमारे दोनदा, आणि हे संदेश उघडे असतात, सांकेतिक नव्हेत. धावपट्टीची लांबी, दिव्यांची रचना, टॅक्सी-वेचे नकाशे हे सारे विमानतळ प्राधिकरण वैमानिकांसाठी प्रसिद्ध करते, आणि ते कोणालाही वाचता येते. उपग्रहाच्या चित्रात तर विमानतळावरची उभी विमाने मोजून घ्यावीत. गच्चीवरच्या माणसाच्या भिंगातून यापेक्षा अधिक काय मिळते, तर सुंदर चित्र. सौंदर्य हाच धोका असेल तर नियमाने तसे स्पष्ट लिहावे. जगातल्या अति गोपनीय लढाऊ विमानांपैकी एक, ब्रिटनचे एफ-35, 14 जून 2025 रोजी तिरुवनंतपुरमला नाइलाजाने उतरले आणि बिघाडामुळे पाच आठवड्यांहून अधिक काळ तिथेच राहिले. त्याचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत आले, केरळच्या पर्यटन खात्याने त्याची जाहिरातसुद्धा केली.

लष्करी तळांची गोष्ट निराळी, आणि शहाणे स्पॉटर ती निराळीच धरतात. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे; तिथल्या नागरी विमानातून उतरतानाही कॅमेरा पिशवीतच बरा. गोपनीयता कायदा 1923 चा आहे, म्हणजे वयाने या नियमाहूनही वडील, आणि तो कुंपणाच्या आसपासच्या मुलखालाही लागू पडतो. मे 2025 मध्ये अशा तळांवर 10,000 फुटांखाली खिडक्यांच्या झडपा बंद ठेवण्याचा आदेश निघाला, त्यावर कोणा छंदिष्टाने कुरकूर करायचे कारण नाही.

वहीतले क्रमांक कधीकधी भलत्याच कामी येतात. जानेवारी 2004 मध्ये मायोर्का बेटावरच्या पाल्मा विमानतळावर एका छंदिष्टाने एन313पी हा क्रमांक असलेले बोइंग 737 टिपले. साधे पांढरे विमान, दुसऱ्या कोणी मान वर करून पाहिलेही नसते. अमेरिकी गुप्तहेर संस्था संशयितांना गुपचूप देशोदेशी हलवत होती, त्या प्रकरणात हाच क्रमांक पुढे आला, आणि युरोप परिषदेसाठी डिक मार्टी यांनी केलेल्या 2006 च्या चौकशीतही त्याची दखल आहे. 25 जुलै 2000 रोजी पॅरिसहून उडालेल्या काँकर्डच्या पंखाखालच्या ज्वाळा जगाने पाहिल्या, त्याही विमाने पाहायला उभ्या असलेल्या एका तरुणाच्या फोटोतून. आणि 22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे बोइंग 747, व्हीटी-ईव्हीए, ‘आग्रा’, भंगारात निघण्यासाठी मुंबईहून उडाले. निघता निघता वैमानिकाने पंख हलवून निरोप घेतला. तो क्षण टिपायला कॅमेरे रोखून बसलेले लोक याच ‘संशयित’ गटातले.

इतरत्र या लोकांचे काय करतात हेही कळवणे योग्य होईल. मँचेस्टरला धावपट्टीशेजारी त्यांच्यासाठी उद्यानच आहे आणि त्यात एक काँकर्ड ठेवले आहे. ॲम्स्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाने प्रेक्षकांसाठी गच्ची काढली, टोकियोच्या हानेदाला टर्मिनलच्या माथ्यावर सज्जे आहेत. रोज तिथेच उभा राहणारा माणूस नवखा चेहरा पहिल्यांदा ओळखतो, एवढा साधा हिशोब त्यांनी केला. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले. तिथे असा एखादा सज्जा काढला, ओळखपत्र बघून आत सोडले आणि वडापावची एक गाडी लावली, तर कुंपणाबाहेरची गर्दी आपोआप आत येईल आणि शिपायाला इतर कामे करता येतील.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
कुंपणाबाहेरचा इसम

ता. क. मुंबईची मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद असते आणि विमाने दुसरीच्या 14 क्रमांकाच्या टोकाला उतरतात, तेव्हा ती वर्सोवा-अंधेरीच्या बाजूने येतात. सदर इसम त्या दिवशी जरीमरीला सापडणार नाहीत; बंदोबस्त त्याप्रमाणे हलवावा.