उन्हाला भाव आला

नगर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला ऊन मागावं लागत नाही. ते बारशापासून डोक्यावर असतं. पावसाचं तसं नाही. आमच्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर-भंडारदऱ्याकडे तो असा कोसळतो की तिथल्या लोकांना त्याचा वीट यावा. मग डोंगर उतरून नगरला येईपर्यंत ढगांकडे शिल्लक काही राहत नाही. आमच्या वाट्याला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर, तोही हप्त्याहप्त्यानं. वाऱ्याचा तेवढा तुटवडा नाही. सुप्याकडच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरताना पुणे रस्त्यावरच्या प्रवाशांना दिसतात. थोडक्यात, ज्याचं भाजीत काही करता येत नाही ते सगळं देवानं आम्हांला भरपूर दिलं आहे.

या उन्हाला कुणी कधी चांगलं म्हटलं नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला अनुदान देणारी पंतप्रधान सूर्यघर योजना जाहीर झाली आणि नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या गच्च्यांना एकदम प्रतिष्ठा आली. पहिल्या दोन किलोवॉटांपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार, तीन किंवा त्यापुढे कितीही घ्या, एकूण ७८ हजार रुपये अनुदान. हिशेब सरळ होता. आधी आपण दोन लाखांच्या आसपास घालायचे आणि मग ७८ हजार जमा झाले का हे बघायला पासबुक भरून आणत राहायचं. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि तो दिवसाला चारेक युनिट वीज देतो. म्हणजे तीन किलोवॉटचे बारा. आमच्या घरात दिवसाला आठ युनिट लागतात. उरलेल्या चार युनिटांचं काय करायचं यावर सोलर बसण्याआधीच आमच्याकडे भांडण झालं होतं.

पण पहिला अडथळा आजोबांनी घातला. आजोबा जाऊन तीन तपं होत आली, तरी लाईटबिल त्यांच्याच नावानं येत होतं. हयातीत ज्यांनी रात्री नऊनंतर साठचा बल्ब जळू दिला नाही, त्यांच्या नावावर आता फ्रिज, गिझर, मिक्सर आणि दोन टीव्ही चालत होते. अनुदानासाठी अर्जदार, बिल आणि बँकेचं खातं यांवरचं नाव एकच लागतं. त्यामुळे मृत्यूचा दाखला, वारसांची संमती वगैरे सोपस्कार आले. संमतीत आत्या आल्या. मोठ्या आत्यानं सही केली; पण त्याआधी, "दादांचं नाव काढून टाकताय व्हय रे?" असं विचारून ती अशी रडली की मीटरऐवजी आपण घरच विकायला काढलं आहे असं मला वाटलं.

आजोबा मोकळे झाले तोवर जिल्ह्याचं नाव बदललं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अहमदनगरचं अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. अहिल्यादेवींचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या चौंडीचा, तेव्हा नावाबद्दल तक्रार करायला जागा नाही. अडचण एवढीच की माझं आधार कार्ड एका जिल्ह्यातलं होतं आणि अर्ज दुसऱ्यातला. एकाच खोलीत बसून मी दोन जिल्ह्यांचा रहिवासी झालो होतो.

मग एके सकाळी सोलरवाला मुलगा टेप घेऊन गच्चीवर आला. त्याच्या मागोमाग आई आली. आईचं वय ऐंशीच्या पुढे आहे. एरवी तिला जिना चढवत नाही. गच्ची हा मात्र तिच्या अखत्यारीतला विषय. सौरऊर्जेचा खरा वापर गेली साठ वर्षं तिनंच केलेला आहे : कुरडया, पापड, सांडगे, बटाट्याचा कीस, मिरच्या, हळद, गोधड्या. त्याला तिनं कधी अनुदान मागितलं नाही. मुलानं तिला समजावलं, "आजी, प्लेटा उंचावर बसवू. खाली गार सावली राहील, खुर्ची टाकून बसा."

"सावलीत कुरडई वाळती का रे बाळा?" आई म्हणाली.

मुलगा इंजिनिअर होता, पण या प्रश्नाचं उत्तर त्याच्या अभ्यासक्रमात नसावं. शेवटी गच्चीची वाटणी झाली. दक्षिणेकडचा भाग सूर्यघराला, पूर्वेचा पट्टा वाळवणाला. मधून चुन्याची रेघ मारायची तेवढी बाकी होती.

आता दक्षिण. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, सूर्य वर्षातला बहुतेक काळ आपल्या डोक्यावरून जरा दक्षिणेकडून जातो, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला करतात. नगर १९ अक्षांशांवर आहे, म्हणून तिरपेपणाही साधारण तेवढाच. हे सगळं मी शेजारच्या नानांना कठड्यावरून नीट सांगितलं. नाना निवृत्तीनंतर वास्तुशास्त्राकडे वळले आहेत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "दक्षिण यमाची. तिकडं तोंड करून घरात काही आणू नये."

"मारुती दक्षिणमुखी चालतो की, नाना."

"मारुती ब्रह्मचारी होता. त्याला घर नव्हतं," असं म्हणून नाना खाली गेले. पुढच्याच महिन्यात त्यांच्याही गच्चीवर सहा पॅनेल लागली, दक्षिणमुखीच. यमाच्या बाबतीत त्यांनी काय तडजोड केली ते मी विचारलं नाही.

पॅनेल बसली, तरी वीज काही लगेच सुरू होत नाही. अर्थिंगचे खड्डे होतात, वीजरोधक दांडा उभा राहतो, कागद पुढे जातात आणि मग सगळं नेट मीटरपाशी थांबतं. नेट मीटर म्हणजे दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर : घरात आलेली वीज वेगळी, घरातून बाहेर गेलेली वेगळी. तो लागेपर्यंत तीन किलोवॉटांचा कारखाना गच्चीवर नुसता ऊन खात पडून असतो. येणाऱ्याजाणाऱ्यानं विचारायचं, "झालं का चालू?" आणि आपण म्हणायचं, "मीटर यायचाय." नगरमध्ये लग्न ठरलेल्या मुलाच्या बापालाही लोक इतकं विचारत नाहीत.

मीटर आला. चालू झालं. त्या दिवसापासून माझा मोबाईल माझा राहिला नाही. त्यात एक ॲप आहे. सूर्योदयानंतर त्यात एक रेघ वर चढायला लागते, बाराच्या सुमाराला शिगेला पोचते आणि सहापर्यंत उतरून जमिनीला टेकते. मध्ये ढग आला की रेघेला खड्डा पडतो. मी रेघ बघत बसतो. पूर्वी सकाळी फिरायला जाताना मंडळी राजकारण बोलायची, आता समोरून येणारा माणूस लांबूनच हात वर करून विचारतो, "काल किती?" आपण म्हणायचं, "साडेतेरा." त्याचे अकरा असले की तो आपल्या गच्चीच्या कोनाबद्दल आणि पॅनेलच्या कंपनीबद्दल बोलायला लागतो. युनिटांत खोटं बोलणारेही निघाले आहेत. एक गृहस्थ रोज पंधरा सांगतात. आषाढातही.

नानांच्या अंगणातला शेवगा या काळात माझा शत्रू झाला. चारनंतर त्याच्या फांदीची सावली माझ्या एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडते. एवढ्याशा सावलीनं काय होतं, असं नाना म्हणतात. होतं असं की पॅनेल एकापाठोपाठ एक अशी एकाच माळेत जोडलेली असतात; एकाची धार आटली की अख्ख्या माळेची वीज घटते. मी हे नानांना सांगितलं. त्यांनी फांदी तोडली नाही, शेंगा पाठवल्या. त्यांची आमटी खाल्ल्यावर सावलीविषयी कडक बोलणं मला जमेना. आता शेंगांचा हंगाम संपला की मी पुन्हा विषय काढतो, आणि तोवर झाडाला फुलं आलेली असतात.

खरी फजिती मे महिन्यात झाली. दुपारी एक वाजता, कावळ्यानंही पंख मिटून बसावं अशा उन्हात, लाईट गेली. पंखा थांबला. फ्रिज थांबला. वर तीन किलोवॉट सूर्य पेटलेला आणि खाली आम्ही रद्दीच्या पेपरनं वारा घेतोय. गल्लीतल्या लोकांना या गोष्टीचा जो आनंद झाला त्याला तोड नाही. "सोलरवाल्यांकडेपण नाही!" असं ओरडत पोरं पळाली. एक मावशी तर खात्री करायला आत येऊन आमचं बटण दाबून गेल्या.

कारण अगदी शहाणपणाचं आहे. बिनबॅटरीची यंत्रणा बाहेरच्या तारांशी जोडलेली असते. बाहेरची लाईट गेली की आपला इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, कारण तसं झालं नाही तर आपल्या गच्चीवरची वीज बंद समजलेल्या तारेत शिरेल आणि खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. वायरमन जगला पाहिजे, याबद्दल दुमत नाही. मीही त्या दुपारी घामानं निथळत सगळ्यांना हेच सांगत होतो. पण उघड्या अंगानं सांगितलेलं शास्त्र लोक मनावर घेत नाहीत. बॅटरीवाली यंत्रणा घेतली तर ही अडचण येत नाही. मात्र बॅटरीची किंमत ऐकल्यावर रद्दीचा पेपर बरा वाटतो.

आणि ज्या मे महिन्याच्या भरवशावर आम्ही हा खटाटोप केला, त्यानंच दगा दिला. पॅनेलची ताकद कारखान्यात २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, आणि नगरच्या गच्चीवर मे महिन्यात पॅनेल स्वतः साठ अंशांपर्यंत सहज तापतं. म्हणजे बारा-चौदा टक्के तिथंच गेले. सगळ्यात उत्तम पीक येतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये : आभाळ स्वच्छ आणि हवा निवलेली. जन्मभर आम्ही हे ऊन सोसलं, आणि त्याचे पैसे करायची वेळ आली तर म्हणे जास्त झालं!

धूळ हा वेगळा अध्याय. पंधरा दिवस पुसलं नाही तर पॅनेलवर बोटानं नाव लिहिता येतं. धुवायचं तर सकाळी लवकर, काच गार असताना. आमच्या बोअरचं पाणी इतकं खारं की वाळल्यावर पांढरे डाग राहतात, म्हणून नळाचं पाणी वापरायचं. ते रोज येत नाही. तेव्हा पिण्याच्या पाण्याची एक बादली सूर्याला जाते. लोक अर्घ्य देतात त्यापेक्षा ही पाचपट तरी जास्त आहे.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगतो. मला ढगांचा राग यायला लागला आहे. नगरी माणसानं हे बोलणं म्हणजे पाप आहे, ठाऊक आहे. आमच्या सात पिढ्यांनी मृगाच्या ढगाकडे हात जोडून पाहिलं. पारनेर तालुक्यात माझा चुलतभाऊ कांदा करतो. जूनमध्ये त्याचा फोन येतो, "आभाळ भरून आलंय, भाऊ!" आणि माझ्या तोंडून निघतं, "अरेरे." मग दोघंही काही क्षण गप्प राहतो.

तसा तोही उन्हाचा गिऱ्हाईक झालाच आहे. वर्षानुवर्षं शेतीला लाईट रात्री यायची. बॅटरी आणि काठी घेऊन, साप-विंचवातून पाणी धरायला जायचं. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि तिचा सुरुवातीचा प्रकल्प त्याच्याच तालुक्यात, राळेगणसिद्धीला झाला. तिकडे शिर्डीला साई संस्थानानं २००९ मध्येच प्रसादालयाच्या छतावर ७३ अंतर्गोल तबकड्या बसवल्या होत्या. त्या उन्हाची वाफ करतात आणि त्या वाफेवर भक्तांचा स्वयंपाक होतो. आमचा चुलतभाऊ म्हणतो, "भाऊ, दिवसा ऊन पडू दे आणि रात्री पाऊस पडू दे, म्हंजी तुझंबी भागंल, माझंबी." इतकी समंजस मागणी माझ्या ऐकण्यात दुसरी नाही. देवानं फक्त ऐकलं पाहिजे.

लाईटबिल शून्य येतं का, असं सगळे विचारतात. येत नाही. वीज एक युनिटही विकत घेतली नाही तरी 'स्थिर आकार' राहतोच. मात्र आमचं पूर्वीचं अडीच हजारांचं बिल आता दीड-दोनशेवर आलं आहे, हे खरं. त्यामुळे घरातले सगळे एकदम उदार झाले. मुलाला एसी हवा आहे. सौ.नं इंडक्शन शेगडी आणली. आईचा पंखा ती देवळात गेली तरी चालू असतो, बंद करायला गेलो तर म्हणते, "राहू दे, आपल्याच घरचाय." आजोबांच्या नावावरून वीज काढल्याचा हा परिणाम असावा.

एक बारीक गोष्ट मात्र सोलर घेणाऱ्यानं आधीच माहीत करून घ्यावी. महिन्याला उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. तोवर जी शिल्लक असेल ती वीज कंपनी घेते. आपण ज्या भावानं वीज विकत घेतो त्यापेक्षा पुष्कळ कमी भावानं. तेव्हा ज्या पाहुण्यांना आमच्याकडे यायचं आहे त्यांनी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात यावं. गिझर, एसी, इस्त्री, काय हवं ते लावा. एप्रिलमध्ये आलात तर पंखा दोनवरच राहील.