कुंपणकाका

टोरांटोच्या आसपास, मिसिसागा-ब्रॅम्प्टनकडच्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात एक कुंपणकाका असतातच. निवृत्त व्हावं, कोपऱ्यावरचं घर घ्यावं, रस्त्याच्या कडेने व्हाइट सीडरची कोवळी रोपं लावावीत, की काका तयार! हे झाड आपल्या मोरपंखीच्या भावकीतलं, म्हणून माया जास्त.

ऑक्टोबरपर्यंत काका चारचौघांसारखे असतात. नोव्हेंबरात मेखा ठोकून, रस्ता आणि रोपं यांच्यामध्ये गोणपाट ताणलं की त्यांचं युद्ध सुरू. शत्रू म्हणजे बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. रात्री दोनला मिठाचा ट्रक गेला की काका खिडकीशी हजर. "उणे दहाच्या खाली साधं मीठ फारसं चालतच नाही, तरी ओततायत बघ!" हे काकूंना झोपेतही पाठ आहे. मंडळाच्या हळदीकुंकवातही ते वाण घेऊन निघालेल्या बायकांना अडवून सांगतात, की रस्त्यावरचं मीठ पर्यावरणाला घातक आहे असं कॅनडा सरकारनेच २००१ साली मान्य केलंय.

खरं तर काका बरोबरच असतात. मिठाचे तुषार उडतात आणि झाडाची रस्त्याकडची बाजू तेवढी तपकिरी पडते. मातीत मुरलेला सोडियम चिकणमाती घट्ट करतो आणि ओलाव्यात उभं रोप तहानेने वाळतं. म्हणून हिवाळा सरून गोठलेली माती मोकळी झाली की काका पाइप घेऊन पानं धुतात, मुळांशी पाण्याचा पूर आणतात. "अहो, त्यांची आंघोळ झाली असेल तर तुमचीही उरका," असं आतून ऐकू येतं.

अशा वेळी एखादा आगाऊ पाहुणा विचारतो, "काका, तुमच्या मालवणात तर नारळाच्या आळ्यात मीठ घालतात ना?" काका लाल होतात. "नारळाला क्लोराइड मानवतं! हा काय नारळ आहे?" मिठाला दाद न देणारा रुगोसा गुलाब लावा, असं सुचवणाऱ्याला तर पुन्हा चहाला बोलावणं नाही.

स्वतःच्या दारात काका फक्त वाळू टाकतात. पाहुणे घसरतात, पण सीडर सुखरूप राहतं.

तेव्हा त्यांच्याकडे जेवायला जाल तर एवढं करा: गाडीवरचा बर्फ कुंपणाच्या बाजूला झटकू नका. आमटी अळणी असली, तरी मीठ मागू नका.